नऊ पंखे आणि एक शब्द

"सर, तुम्ही स्वतः आयुष्यात कधी काही विकलंय का?"

प्रश्न हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि दीडशे डोकी गर्रकन मागे वळली. मुख्याध्यापिका बाईंच्या कपाळावर तीन आठ्या उमटल्या. पडद्यावर एक रॉकेट आकाशात झेपावत होतं, त्याच्याखाली 'नोकरी मागू नका, नोकरी द्या' असं लिहिलेलं होतं, आणि त्या रॉकेटच्या शेजारी उभे असलेले, उद्योजकता शिकवणाऱ्या संस्थेतून आलेले सर हातातला रिमोट विसरून गेले होते.

प्रश्न विचारणारी उभीच होती. बसायचं कसं असतं हे तिचे पाय विसरले होते. दोन्ही बाजूंना तिच्या दोन मैत्रिणी बाकाखाली तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. "विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर आम्ही उचलू," चष्मिष्ट म्हणाली होती. त्यावर रडूबाईने हळूच मीठ चोळलं, "आणि नाही विचारलंस तर तू पुन्हा मुकी."

दप्तराचं एक वेळ सोडा. 'मुकी' मात्र वर्मी लागलं.

कारण गेल्या वर्षीपर्यंत तिचं नाव तेच होतं. हजेरीला 'हजर' म्हणायच्या ऐवजी ती नुसता हात वर करायची, तोही कोपरापर्यंतच. मग दहावीच्या सुरुवातीला एका सकाळी सूचना वाचणारी मुलगी घसा धरून बसली, बाईंनी जी समोर दिसली तिला माइकपुढे ढकललं, आणि माइक बंद असूनही सहलीची सूचना फाटकाबाहेरच्या पानपट्टीवाल्यापर्यंत पोचली. पानपट्टीवाला म्हणे विचारत होता, डबा आणायचा की तिकडे मिळेल? त्या दिवसापासून ती झाली भोंगा. ठेवणाऱ्यांनी नाव चिडवायला ठेवलं, हिने ते दागिन्यासारखं मिरवलं.

"नाही," सर म्हणाले.



"खरंच नाही. चौदा वर्षं उद्योग कसा करावा ते शिकवतोय, पण साधी टाचणी विकलेली नाही." सरांनी मान खाजवली. "आणि विकणं राहू दे, मला परतसुद्धा करता येत नाही. हे बूट बघा. गेल्या आठवड्यात घेतले. चावतात. दुकान दोन चौकांवर आहे, पण परत जायची हिंमत होत नाही. तो माणूस इतका गोड बोलला होता!"

सगळा हॉल खदखदून हसला. बाईसुद्धा हसल्या, मग हसल्याच नाहीत असं त्यांनी दाखवलं. भोंगा तेवढी हसली नाही. तिचे कान मांजरासारखे टवकारले होते.

"सर, पावती आहे का?"

पुढचं सगळं त्या पावतीतून निघालं. जाताना सरांनी सांगितलं, की पंधरा दिवसांत गट करून एखादा धंदा चालवून दाखवा. मेणबत्त्या नकोत, शुभेच्छापत्रं नकोत, आणि गिऱ्हाईक नातेवाईक नको. दरवर्षी मुलं बनवतात आणि त्यांच्याच आया विकत घेतात, त्याला धंदा म्हणत नाहीत. ज्यांना जमेल त्यांना संस्थेच्या ऑफिसातली रस्त्याकडची खोली रोज संध्याकाळी वापरायला मिळेल, टेबल आणि कुलपाच्या कपाटासकट, पुढची दोन वर्षं. अट एकच. शिक्षण सोडायचं नाही.

इथे भोंगा अडकली. कारण तिचं शिक्षण परीक्षेच्या शेवटच्या पेपरला संपणार, हे ठरलेलं होतं. तिचे बाबा बाजारातल्या विजेच्या सामानाच्या दुकानात अठरा वर्षं माल दाखवायचं काम करत होते. दुकानाचे मालक एकदा सहज म्हणाले, "तुझी मुलगी दहावी झाली की बसव आपल्या गल्ल्यावर." बाबा म्हणाले, "हो मालक." बाबांना 'हो मालक' सोडून दुसरं उत्तर येत नसे. शब्द दिला गेला. तो कुणाच्या आयुष्याचा आहे, हे विचारायचं राहून गेलं.

"म्हणून काय धंदा करायचा नाही?" चष्मिष्ट म्हणाली. "आधी खोली तर जिंक. मग रडायचं बघू."

"ते माझ्यावर सोडा," रडूबाई म्हणाली. तिला वाटेल तेव्हा, वाटेल त्या डोळ्यातून पाणी काढता येत असे.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे खुद्द सर. संध्याकाळी पाचला, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा, भोंगा बुटांचा खोका छातीशी धरून आत गेली. सर रस्त्यापलीकडे विजेच्या खांबामागे उभे राहिले. खांब बारीक होता, सर नव्हते.

"वापरलेले बूट परत होत नाहीत," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

"बरोबर आहे काका," भोंगा गोड आवाजात म्हणाली. गोड, पण शेवटच्या बाकावरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा. "तुम्ही म्हणाला होतात ना, लोण्यासारखे मऊ आहेत? मग एकदा तुम्हीच घालून दाराप‌र्यंत जाऊन या ना. लंगडला नाहीत तर मी खोका उचलते नि निघते."

चार गिऱ्हाइकांनी पायातले नवे बूट काढून हातात घेतले आणि आतून दाबून बघायला सुरुवात केली. दुकानदाराने ते पाहिलं. पाच मिनिटांत सरांना एक नंबर मोठा जोड मिळाला, वर बूटपॉलिशची डबी.

धंदा सापडला. धंदा म्हणजे भीड मोडून द्यायची, दुसऱ्याची.

बस डेपोमागच्या त्यांच्या वस्तीत या मालाला तोटा नव्हता. घराघरात फसून घेतलेल्या वस्तू पडून होत्या: शिवणीतून गळणारा रेनकोट, एका काडीचा चष्मा, तळाला केसाएवढी भेग असलेली बादली. परत करायला कुणी जायचं नाही. गेलंच, तर दुकानदार पहिला प्रश्न विचारायचा, "राहता कुठे?" 'डेपोमागे' म्हटलं की संपलं. "मग तुम्हीच आपटली असेल." माणूस बादली घेऊन परत यायचा, आणि वर 'कशाला उगाच वाईटपणा' म्हणायचा. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती इथे प्रत्येक घरात पाहुणी येऊन राहिली होती आणि जायचं नाव काढत नव्हती.

तिघींनी एक वही केली. चष्मिष्ट पावत्या सांभाळायची; कुणाची पावती गादीखाली, कुणाची तांदळाच्या डब्यात, एकीची तर देवाच्या फोटोमागे निघाली. वहीच्या पहिल्या पानावर नियम होते. गर्दीच्या वेळी जायचं. भांडायचं नाही. वस्तूनेच बोलायला हवं, म्हणून ती दुकानातच चालवून दाखवायची. काम झालं तरच फी. आणि शेवटचा, लाल शाईत: रडूबाईचा वापर आणीबाणीतच.

बादली त्यांनी दुकानाच्या काउंटरवर पाण्याने भरून ठेवली आणि "तुम्ही सांगा काका, किती वेळ थांबू?" असं विचारलं. काका हिशेबाच्या वह्या उचलेपर्यंत नवी बादली आली. रेनकोट तर दुकानदाराच्या पुतण्यानेच घालून बघितला, नळाखाली. दहा दिवसांत सात कामं झाली. वस्तीतल्या बायका आता भोंग्याला वाटेत थांबवून कानात तक्रारी सांगायच्या, एखाद्या डॉक्टरला सांगाव्यात तशा.

पण एक गोष्ट तिला खटकत होती. ज्या घरात जावं तिथे कोपऱ्यात एक निळा टेबलफॅन. एकसारखा. आणि एकही फिरताना दिसेना. एका घरात त्यावर रुमाल वाळत होते, दुसऱ्या घरात त्याला बाळाची टोपी घातली होती. शिवणवाल्या मावशींकडे तर तो चक्क मोजपट्टी अडकवायला होता, आणि मावशी घामाघूम होऊन मशीन मारत होत्या.

"मावशी, पंखा लावा ना."

"नको गं. मला वारा बाधतो."

"काल बसथांब्यावर वहीने वारा घेत होतात."

"तो वेगळा वारा."

भोंगा उठली आणि बटण दाबलं. पंखा तुरुतुरु फिरायला लागला. मावशींच्या चेहऱ्यावर मात्र चोर पकडल्याचा भाव आला. पाच मिनिटं झाली, पंख्याने 'घूंऽऽ' असा आवाज काढला, डुलकी लागल्यासारखी मान टाकली आणि बंद पडला.

"हा तर खराब आहे! कधीपासून?"

"आणला त्या दिवसापासून," मावशी पुटपुटल्या. "सगळ्यांचेच तसे आहेत. आठ घरांत आणि हा नववा."

"मग मला का नाही दिलंत काम? कुठल्या दुकानातला आहे?"

मावशींनी मशीनची चाकं उगाच पुसली. आणि मग भोंग्याच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. निळे पंखे. 'माझ्या भरवशावर घ्या, वहिनी' असं कोण म्हणालं होतं, ते मावशींनी सांगायची गरज नव्हती.

"तुझे बाबा देवमाणूस गं," मावशी म्हणाल्या. "कुणाच्या तोंडातून निघेल का? परवा घरी आले, म्हणाले, पंखा कसा आहे? मी म्हटलं, आत्ताच बंद केला, थंडी वाजत होती. परत करायला गेलीस तर त्यांची मान खाली जाईल."

"मावशी, मान पंख्याची खाली गेलीय!"

पण बोलणं सोपं होतं. संध्याकाळी जेवताना तिने तोंड उघडलं, तेवढ्यात बाबाच उत्साहाने म्हणाले, "त्या निळ्या पंख्यांची एक तक्रार नाही बघ! एक! मालकांना सांगितलं मी. ते म्हणाले, गोदामातले चाळीस पण तूच खपव. तुझ्या लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे."

आईने कौतुकाने बाबांकडे पाहिलं. आणि जिच्या आवाजाने पानपट्टीवाला डबा आणायला निघाला होता, ती भोंगा घास तोंडात धरून मुकी झाली. वर्षात पहिल्यांदा.

रात्रभर तिने एकच हिशेब केला. गप्प बसलं तर बाबांची मान वर राहील, आणि वस्तीतल्या आणखी चाळीस घरांत चाळीस पंखे मान टाकतील. तेही बाबांच्याच शब्दावर.

सकाळी तिने नऊ घरांत जाऊन तोच हिशेब सांगितला, तेव्हा कुठे पंखे आणि पावत्या बाहेर निघाल्या. शनिवारी अर्धी शाळा होती. दुपारनंतर, दुकान भरलं तेव्हा, वस्तीतून बाजाराकडे एक हातगाडी निघाली. पुढून ओढायला भोंगा, मागून ढकलायला दोघी, आणि गाडीवर नऊ निळे पंखे, वरातीतल्या वऱ्हाड्यांसारखे इकडेतिकडे माना हलवत. चष्मिष्टच्या हातात नऊ पावत्या होत्या. सगळ्या पावत्यांवर बाबांचं सुबक, गोल अक्षर.

दुकानात बाबा शिडीवर होते. वरच्या फळीवरून दिव्यांचा खोका काढत होते. मुलगी दारात दिसली तसे हसले, मग तिच्या मागची गाडी दिसली तसे खोका धरूनच थांबले.

मालक गल्ल्यावर होते. त्यांच्या डोक्यावर पाटी: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

"काय गं?" मालक म्हणाले. "परीक्षेआधीच कामावर?"

"नाही मालक. कामाला आलेय, पण माझ्या." भोंग्याने पहिला पंखा काउंटरवर ठेवला. आवाज निघाला तो अख्ख्या दुकानाला पुरेल असा. "वस्तीतल्या नऊ घरांनी हे घेतलेत. परत घ्या असं मी म्हणतच नाही. पाटी वाचता येते मला. फक्त लावून बघूया. पाच मिनिटं. एवढी गिऱ्हाइकं आहेत, सगळ्यांना तुमचा माल दिसेल."

आठ-दहा गिऱ्हाइकं जवळ सरकली. एवढ्या लोकांपुढे 'लावू नका' कसं म्हणणार? मालकांनी प्लग लावायचे वायरीचे बोर्ड पुढे केले. नऊ पंखे एका ओळीत फिरायला लागले. दुकानात काय छान वारा सुटला! एक आजोबा तर म्हणाले, "मलापण एक द्या."

"थांबा आजोबा," चष्मिष्ट घड्याळ बघत म्हणाली. "अजून दोन मिनिटं."

पहिल्याने 'घूंऽऽ' केलं आणि मान टाकली. मग तिसऱ्याने. मग सातवा आणि दुसरा बरोबरच. शेवटच्या तासाच्या वर्गात मुलं पेंगत जावीत तसे एकेक करून सगळे झोपले. नववा तेवढा हट्टी. तो मान टाकायच्या ऐवजी थरथरत काउंटरभर चालत गेला आणि गल्ल्याच्या पेटीला डोकं टेकून थांबला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. आजोबा हळूच दाराकडे वळले.

मालक लालबुंद झाले. त्यांनी शिडीकडे बोट केलं. "हा तुमच्याच वस्तीतला माणूस! यानेच सांगितलं मला, एक तक्रार नाही. सांग रे, चांगले आहेत की नाही पंखे?"

सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. रडूबाईने भोंग्याच्या कानात विचारलं, "आणीबाणी?" भोंग्याने मान हलवली. नाही. तिने बाबांकडे पाहिलं. तिला माहीत होतं, आता काय येणार. 'हो मालक.' अठरा वर्षांत दुसरं आलंच नव्हतं.

बाबा एकेक पायरी खाली उतरले. खोका जमिनीवर ठेवला. नवव्या पंख्याची मान हाताने सरळ केली. ती पुन्हा पडली.

"मालक," बाबा म्हणाले, इतक्या हळू की भोंग्याला वाटलं आपणच पुन्हा मोठ्याने म्हणून दाखवावं. "माल खराब आहे. मला कुणी सांगितलं नाही. माझी भीड पडली त्यांना. पण विकला मीच. परत घ्यायला हवा."

मालकांनी बाबांकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं, आणि मग त्यांच्यातली हवाच गेली. ते पुढे वाकले आणि कुजबुजले, "मला माहितीये रे खराब आहेत. बायकोच्या भावाने गळ्यात मारलेत. धाकटा भाऊ, लाडका! परत ने म्हणालो तर मला घरात पाणी कोण देईल?"

भोंग्याने वही उघडली. पेन काढलं.

"मेहुण्यांचा पत्ता सांगा. काम झालं तरच फी."

नऊ घरांना नऊ नवे पंखे त्याच संध्याकाळी मिळाले, पांढरे, न पेंगणारे. बाबांनी ते स्वतः घरोघर पोचवले, लावून दाखवले आणि प्रत्येक घरी दहा मिनिटं समोर बसून राहिले. सोमवारी तिघी मेहुण्यांकडे गेल्या. ते बिचारे कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, मला पण ठाऊक आहे. पण पंखे बनवणारा माझा वर्गमित्र. कसं बोलणार?" मग तिघी वर्गमित्राकडे. त्याने पंखा उलटा केला, आतली एक तार पाहिली आणि वैतागून म्हणाला, "हे तर दोन महिन्यांपूर्वीच सांगायचं! एका सुट्या भागाची चूक आहे. पाठवा सगळे परत." एवढंच. दोन मोठी माणसं दोन महिने बोलायला घाबरत होती, आणि पंखे ज्यांच्या घरात होते ती माणसं घामात.

पंधराव्या दिवशी सरांनी वही चाळली, न चावणाऱ्या बुटांत न लंगडता हॉलभर फिरले, आणि खोलीची किल्ली भोंग्याच्या हातात ठेवली. "अट लक्षात आहे ना?" त्यांनी विचारलं.

ती लक्षात होती म्हणूनच किल्ली जड लागत होती. कारण गळ्यातले चाळीस पंखे सुटले तसे मालक खुशीत आले होते, आणि खुशीत येऊन बाबांना म्हणाले होते, "अशी पोरगी दुसऱ्या कुणाकडे जायला नको! शेवटच्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी बसव गल्ल्यावर." आणि बाबा, शिडीवरून उतरलेले तेच बाबा, सवयीने म्हणून गेले होते, "हो मालक."

संध्याकाळी तिघं घरी होती. आई शिवणकारखान्यातून आली होती, दिवसभर धागे कापून बोटांना पडलेल्या वळांवर तेल चोळत होती. बाबा भोंग्याची नजर चुकवून पाट सरळ करत होते, जो मुळात सरळच होता.

"एक दिवस धीर केला," बाबा आपण होऊनच म्हणाले. "रोज रोज कुठून आणू? अठरा वर्षं मीठ खाल्लंय त्यांचं. शब्द दिलाय मी."

"दुकानातली नोकरी वाईट नाही गं," आई म्हणाली. मग बोटांकडे बघून थांबली. "सातवीत माझाही शब्द असाच कुणीतरी दिला होता."

भोंग्याने खिशातून किल्ली काढली आणि दोघांच्या मधे ठेवली. मग उभी राहिली. या वेळी पाय काही विसरले नाहीत.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली, आणि शेजारच्या खोलीतलं मावशींचं शिवणमशीन ऐकायला थांबलं. "मी अकरावीला जाणार. संध्याकाळी खोली उघडणार. गल्ल्यावर बसणार नाही. आणि बाबा, तुम्हाला मालकांशी काही बोलायला लागणार नाही, घाबरू नका. तुम्ही दिलेला शब्द मीच परत आणते. हे काम वहीत धरता येणार नाही, नातेवाईक गिऱ्हाईक चालत नाही, म्हणून फी नाही. पावती नाहीये, ते माहितीये मला. शनिवारी पाचला जाईन. दुकानात गर्दी असते तेव्हा."